अॅस्पेनचीं रिकामीं घरें

सन १८९३ च्या जून महिन्याच्या २६ व्या तारखेस हिंदुस्थान सरकारनें रुपयाच्या नाण्यासंबंधीं एक कायदा केला. तोंपर्यंत कोणाही सावकारानें अथवा व्यापाऱ्यानें आपली चांदी मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळींत न्यावी आणि तिचे रुपये पाडून आणावेत अशी मुभा होती. त्या दिवसापासून ती बंद झाली. विलायतेस पाठवावयाची रक्कम सोन्यांत, येथील वसूल चांदीच्या रुपयांत, आणि चांदीचा भाव तर वर्षानुवर्षें उतरत चाललेला, अशा पेंचांत सांपडलेल्या सरकारास दुसरा मार्ग दिसेना. या निर्णयाचे हिंदुस्थानच्या व्यापारावर काय परिणाम झाले याची चर्चा अर्थशास्त्रज्ञांनीं पुष्कळ केलेली आहे. परंतु मुंबईच्या कोटांतील टांकसाळीचा दरवाजा लागल्याचा आवाज आठ हजार मैलांवर, अमेरिकेंतील रॉकी पर्वताच्या एका दरींत, जितका मोठा ऐकूं गेला तितका तो खुद्द मुंबईंतही क्वचितच ऐकूं आला असेल.

चांदीचा भाव औंसास सुमारें ८३ सेंट होता, तो चार दिवसांत ६२ सेंटांवर आला. कोलोरॅडो संस्थानांतील खाणवाल्यांनीं खाणी बंद करण्यास प्रारंभ केला. सरकारनें दरमहा ४५ लक्ष औंस चांदी विकत घ्यावी असा एक कायदा अमेरिकेंत १८९० पासून चालूं होता; त्याच वर्षाच्या नोव्हेंबरच्या १ तारखेस अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं तो रद्द करणाऱ्या ठरावावर सही केली. ज्या गांवांचें पोट या सरकारी खरेदीवर भरत होतें त्यांचा उरलासुरला आधारही त्या सहीबरोबर गेला. अॅस्पेन हें त्यांपैकीं अग्रगण्य गांव होय.

या गांवाचें वय त्या वेळीं अवघें चौदा वर्षांचें होतें. सन १८७९ मध्यें लेडव्हिल येथील कांहीं खाणशोधक बारा हजार फुटांची खिंड ओलांडून रोअरिंग फोर्क नदीच्या खोऱ्यांत उतरले. हें खोरें यूट नांवाच्या आदिवासी लोकांचें. तहनाम्यानें ती भूमि त्यांची ठरली असतांही ती त्यांच्या हातीं राहिली नाहीं. नव्यानें आलेल्यांनीं आपल्या वस्तीस प्रथम 'यूट सिटी' असें नांव दिलें. वर्षभरांतच तें बदलून, त्या डोंगरांत सर्वत्र वाढणाऱ्या व वाऱ्याच्या लहानशा झुळुकेनेंही पानें थरथरविणाऱ्या झाडावरून 'अॅस्पेन' असें केलें. आणि १८८१ मध्यें यूटांच्या टोळ्यांची बळजबरीनें यूटा प्रांतांत रवानगी झाली. पहिलें नांव आणि मूळ धनी, दोन्ही दोन वर्षांच्या आंत नाहींसे झाले. अॅस्पेनमधून कोणाकोणास निघून जावें लागलें याची मोजदाद पुढें अनेकांनीं केली, पण तींत या पहिल्या मंडळींची गणना बहुधा राहूनच जाते.

खाणींचा भरभराटीचा काळ थोडक्यांत सांगतां येण्याजोगा आहे, कारण त्याची तऱ्हा अशा सर्व गांवांसारखीच होती. न्यूयॉर्कच्या मेसी या विख्यात दुकानाचा एक भागीदार जेरोम व्हीलर यानें येथें पैसा ओतला व धातु गाळण्याची भट्टी उभी केली. १८८५ मध्यें विजेचे दिवे लागले, १८८७ मध्यें आगगाडी आली, १८८९ मध्यें व्हीलरच्याच नांवाचें नाटकगृह व हॉटेल जेरोम हीं दोन्ही उघडलीं. १८९० च्या शिरगणतींत गांवची वस्ती ५,१०८ भरली. पुढल्याच वर्षीं चांदीच्या उत्पादनांत अॅस्पेननें लेडव्हिलला मागें टाकलें. आणि त्यानंतर दोन वर्षांनीं वर सांगितलेला प्रसंग ओढवला.

दैवाचा खेळ असा कीं, गांव बुडाल्यावर १८९४ मध्यें तेथील स्मगलर नांवाच्या खाणींत १,८०० पौंडांहून अधिक वजनाचा चांदीचा प्रचंड गठ्ठा सांपडला. भाव पडलेल्या चांदीचा तो ढीग वर काढण्यासाठीं मजूर कितीही घाम गाळोत, गांवाचें भाग्य कांहीं त्याबरोबर वर आलें नाहीं. स्वतः व्हीलर याचें १९०१ मध्यें दिवाळें वाजलें. दर दहा वर्षांच्या शिरगणतीचे आंकडे पाहिले म्हणजे दुसऱ्या कोणत्याही वर्णनाची जरुरी राहत नाहीं: १९०० मध्यें ३,३०३, १९१० मध्यें १,८३४, १९२० मध्यें १,२६५, आणि १९३० मध्यें ७०५.

उरलेली मंडळी गुरें पाळीत, बटाटे पिकवीत, आणि आपापल्या शेजाऱ्यास नांवानें ओळखीत. १९१२ सालीं नाटकगृहास आग लागून तें आंतून जळालें, तें पुढें कित्येक वर्षें तसेंच राहिलें. जो कोणी थकलेला कर भरील त्यास घर मिळूं शकत होतें. पण घर घ्यावयाचें कोणीं आणि कशासाठीं? लांकडी जाळीच्या नक्षीचे सज्जे, उतरत्या छपराचीं खाणकामगारांचीं लहान घरें, विटांच्या भरभक्कम पेढ्या, हें सर्व जेथल्या तेथें उभें राहिलें, कारण तें पाडून दुसरें बांधावयास कोणाजवळ पैसा नव्हता. पुढल्या काळांत ज्या जुनेपणाच्या शोभेसाठीं लोक दुरून येऊं लागले ती शोभा कोणीं हौसेनें जतन केलेली नव्हती. चाळीस वर्षांच्या दारिद्र्यानें ती राखून ठेविली होती.

बर्फ तर या गांवावर प्रत्येक हिवाळ्यांत पडतच होता. सुमारें आठ हजार फूट उंचीवरच्या त्या दरींत तो नोव्हेंबरांत पडूं लागतो व एप्रिलपर्यंत टिकतो. खाणींच्या काळीं तो शत्रु होता. गाड्या अडवी, कडे कोसळवी, माणसें गाडी. त्याच बर्फास बाजारांत किंमत आहे ही गोष्ट बाहेरच्यांनीं येऊन सांगावी लागली. अॅस्पेनमध्येंच वाढलेला टॉम फ्लिन नांवाचा गृहस्थ १९३६ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत खाणींचे हक्क विकण्याच्या खटपटींत होता. तेथें त्याची गांठ बिली फिस्क याच्याशीं पडली. फिस्क हा बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतींत दोन वेळां ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलेला खेळाडू. फ्लिननें दाखविलेल्या छायाचित्रांतील खाणींकडे त्याचें लक्ष गेलें नाहीं. तें खिळलें मागच्या डोंगरांवर. खाण विकावयास निघालेल्या माणसानें नकळत गांवाचें सारें भवितव्यच विकावयास काढलें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस गांवाबाहेर एक लहानसें विश्रामगृह उभें राहिलें, आणि हिमप्रपातांचा जाणकार असा आंद्रे रॉश हा स्विस तरुण डोंगर पाहण्यास आला. त्यानें तेथल्या लोकांस पायांस लांब निमुळत्या पट्ट्या बांधून उतारावरून घसरण्याचा खेळ शिकविला, मंडळ स्थापून दिलें, आणि गांवाला लागून असलेल्या डोंगरावर उताराचा एक मार्ग आंखून दिला. तो मार्ग गांवकऱ्यांनीं स्वतः झाडें तोडून मोकळा केला. वर चढण्यासाठीं त्यांनीं केलेली योजना मोठी मौजेची होती: खाणीच्या जुन्या रहाटास मोटारीचें एंजिन जोडलें आणि त्याच्या दोरानें होडीसारख्या दोन घसरगाड्या वर ओढल्या. भाडें दहा सेंट. या पहिल्या पर्वांत मालक, मजूर आणि गिऱ्हाईक हीं बहुतांशीं एकच माणसें होतीं, हें पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. फिस्क मात्र पुढचें पाहण्यास राहिला नाहीं. इंग्लंडच्या विमानदळांत भरती होऊन १९४० च्या ऑगस्टमध्यें तो लढाईंत कामास आला.

महायुद्धानें एकीकडे काम थांबविलें, तर दुसरीकडे माणसें आणून पोंचविलीं. डोंगरी युद्धासाठीं अमेरिकेनें उभारलेल्या दहाव्या पर्वतदळाची छावणी लेडव्हिलजवळच होती, आणि सुट्टीच्या दिवशीं तेथील शिपाई डोंगर ओलांडून अॅस्पेनला येत. त्यांत फ्रीड्ल फायफर हा ऑस्ट्रियांतून आलेला स्कीशिक्षक होता. इटलींत जखमी होऊन परतल्यावर त्यानें याच गांवीं घर केलें. १९४५ मध्यें शिकागोचा कारखानदार वॉल्टर पेपकी हा पत्नी एलिझाबेथ हिच्या आग्रहावरून तेथें आला. एलिझाबेथनें तें गांव १९३९ सालीं पाहिलें होतें व तिला त्याचा विसर पडला नव्हता. पेपकीनें पटापट घरें विकत घेतलीं, हॉटेल जेरोम भाड्यानें घेतलें, आणि फायफर व इतर मंडळी यांच्यासह कंपनी काढून डोंगरावर खुर्च्यांचा दोर चढविला. त्याचा समारंभ १९४७ च्या जानेवारींत झाला. जगांत त्या वेळीं इतका लांब दुसरा दोर नव्हता.

पेपकीच्या मनांत केवळ घसरण्याचा खेळ नव्हता. व्यापारी मनुष्यानें वर्षांतून कांहीं दिवस तरी मोठे ग्रंथ वाचावे, संगीत ऐकावें, डोंगरांत हिंडावें, अशी त्याची कल्पना होती. १९४९ मध्यें जर्मन महाकवि गटे याच्या जन्मास दोनशें वर्षें झालीं म्हणून त्यानें या आडगांवांत उत्सव मांडला, आणि आफ्रिकेंतील रुग्णालय सोडून सहसा कोठें न जाणारे आल्बर्ट श्वाइत्सर त्यासाठीं अमेरिकेस आले. त्या देशास त्यांची तीच एक भेट. एका भल्या मोठ्या तंबूखालीं भाषणें व वाद्यवृंद झाले, आणि त्यांतूनच पुढील संगीतोत्सव व विचारपरिषदेची संस्था निघाली. लगेच १९५० मध्यें स्कीच्या जागतिक शर्यती अॅस्पेन येथें भरल्या. युरोपबाहेर त्या तोंपर्यंत कधीं भरल्या नव्हत्या.

पण पेपकीची एक लहानशी गोष्ट या मोठ्या समारंभांपेक्षां अधिक बोलकी आहे. गांवांतील घरें उदास व रंग उडालेलीं पाहून त्यानें जाहीर केलें कीं, ज्यास आपलें घर रंगवावयाचें असेल त्यास रंग फुकट मिळेल. अट एकच, कोणता रंग कोठें लावावा हें हर्बर्ट बायर यांनीं ठरवावें. बायर हे जर्मनींतील बाउहाउस या प्रख्यात कलाशाळेंतून आलेले नामांकित कलावंत, तेव्हां सल्ला वाईट मिळाला असता असें नव्हे. तरी गांवकऱ्यांपैकीं पुष्कळांनीं हा रंग घेण्याचें नाकारलें. त्यांत अरसिकपणा पाहणारांनीं एवढा विचार करावा कीं, ज्यांनीं पन्नास वर्षें रंगावांचून काढलीं त्यांस आपल्या भिंतीचा रंग दुसरा कोणी ठरवूं लागला म्हणजे काय वाटत असेल. घर आपलें असणें आणि गांव आपलें असणें या दोन गोष्टींत तफावत पडूं लागल्याची ही पहिली खूण होती.

तथापि त्या दशकांत गांव अजून लहान व पोटांत माया असलेलें होतें. १९५० मध्यें वस्ती ९१६, आणि १९६० मध्यें १,१०१. युद्धावरून परतलेला शिपाई दिवसा डोंगरावर खेळ शिकवी, रात्रीं हॉटेलांत ताटें उचली, आणि खाणकामगाराचें एखादें पडकें घर थोड्या पैशांत घेऊन स्वतःच्या हातानें दुरुस्त करी. अॅस्पेनचे जुने लोक ज्या सुवर्णयुगाची आठवण काढतात तें युग हें. तें फार टिकावयाचें नव्हतें, कारण ज्या गुणांमुळें तें सुखाचें होतें त्याच गुणांची जाहिरात करून गांव जगत होतें. १९५८ मध्यें आणखी दोन डोंगर खेळासाठीं उघडले, १९६७ मध्यें स्नोमास. विमानतळ वाढला. १९७० मध्यें वस्ती २,४३७ झाली, म्हणजे दहा वर्षांत दुपटीहून अधिक. आणि हंगामांत येणारे पाहुणे या आंकड्यांत धरलेलेच नाहींत.

आतां गांवांत दोन पक्ष पडले. एकाचें म्हणणें, बांधूं द्या, येऊं द्या. दुसरा पक्ष बहुतेक नव्यानेंच येऊन राहिलेल्या तरुणांचा, आणि तो म्हणे, पुरे. १९६९ मध्यें नगराध्यक्षाच्या जागेसाठीं जो एडवर्ड्स हा तरुण वकील उभा राहिला व अवघ्या सहा मतांनीं पडला. दुसऱ्या वर्षीं हंटर थॉम्प्सन हा लेखक शेरिफच्या जागेसाठीं उभा राहिला. त्याचा जाहीरनामा वाचून आजही हंसूं येतें: रस्त्यांची फरसबंदी उखडून तेथें हिरवळ लावावी, आणि गांवाचें नांव बदलून 'फॅट सिटी', म्हणजे लठ्ठांची नगरी, असें ठेवावें, म्हणजे 'अॅस्पेन' या नांवावर जमिनीचा सट्टा करणारांची दुकानदारी बसेल. थॉम्प्सनही पडला. परंतु विनोदाखालीं जें मर्म होतें तें लोकांस कळलें होतें. जमीन विकली जात नव्हती, नांव विकलें जात होतें. १९७२ मध्यें एडवर्ड्स व त्याच्या मताचे लोक काउंटीच्या कारभारांत निवडून आले. त्याच सालीं कोलोरॅडोच्या मतदारांनीं १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांस पैसा देण्याचें नाकारलें, यावरून वारें कोणत्या दिशेस वाहत होतें हें दिसतें.

नव्या कारभाऱ्यांनीं खोऱ्यांतील जमिनीवर किती घरें बांधतां येतील याची मर्यादा फारच आंवळली, आणि दरसाल किती वाढ होऊं द्यावी याचेंही माप १९७७ मध्यें ठरवून टाकलें. या धोरणानें कुरणें राहिलीं, नदीकांठ राहिला, डोंगराच्या उतारांवर घरांची रांग चढली नाहीं. डोळ्यांना दिसणारें सौंदर्य बव्हंशीं त्या कारभाऱ्यांचें देणें आहे. पण घेणारे वाढत असतां माल वाढूं दिला नाहीं म्हणजे भाव कोठें जातो, हें कोणाही आडत्यास ठाऊक असतें. भाव चढले. गांव सुंदर राहिलें म्हणून धनिकांचा ओढा वाढला, ओढा वाढला म्हणून भाव आणखी चढले. वाढ थोपविणारांस दोष देणें सोपें आहे, पण न्याय्य नव्हे. त्यांनीं हात आंखडला नसता तर कुरणेंही गेलीं असतीं, आणि घरें तरी गरिबास मिळालीं असतीं याची शाश्वति नव्हती.

मग जो शिपाई दिवसा खेळ शिकवून रात्रीं ताटें उचलीत असे त्याच्या जागीं आलेल्यानें राहावें कोठें? नदीच्या खालच्या अंगाच्या गांवीं. प्रथम बासाल्टला, तेथें भाव चढल्यावर कार्बनडेलला, मग चाळीस मैलांवरच्या ग्लेनवुड स्प्रिंग्जला, आणि पुढें त्याहूनही दूर रायफलला. पहाटे खोऱ्यांतून गाड्यांची रांग वर जाते, संध्याकाळीं खालीं येते. गांवाच्या तोंडाशीं अरुंद व वळणाचा रस्ता आहे, तेथें ती रांग तुंबते. हा प्रवेशमार्ग रुंद करावा कीं न करावा यावर अॅस्पेनच्या नागरिकांनीं अनेक दशकें वाद घातला, पुनःपुन्हां मतें दिलीं, आणि रस्ता पुष्कळसा होता तसाच राहिला. शहरांतल्यासारखी जलद बससेवा मात्र १९१३ मध्यें नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१३ मध्यें, या खोऱ्यांत सुरू झाली. अमेरिकेच्या ग्रामीण भागांत तशी सेवा त्यापूर्वीं नव्हती.

नगरसभेनें व काउंटीनें स्वस्थ बसून पाहिलें असें मात्र कोणास म्हणतां येणार नाहीं. घर विकलें गेलें कीं त्या किंमतीवर कर घ्यावा व त्यांतून काम करणारांसाठीं घरें बांधावींत, असा उपाय मतदारांनीं मान्य केला. अशीं सुमारें तीन हजार घरें आज आहेत. कोट्यधीशांची खरेदीच मजुराच्या छपराला पैसा पुरविते, ही योजना चतुरपणाची खरीच. घर मिळविणारानें काउंटींत वर्षांतून निदान १,५०० तास काम केलें पाहिजे, तेंच घर त्याचें राहतें घर असलें पाहिजे, आणि विकतांना किंमत मनास येईल तितकी घेतां कामा नये. एका घरासाठीं अर्ज पुष्कळ येतात, म्हणून चिठ्ठ्या टाकून नांव काढतात. ज्याची चिठ्ठी निघाली तो सहसा सोडून जात नाहीं. त्यामुळें तरुणपणीं आलेले लोक तेथेंच म्हातारे झाले, आणि नव्या तरुणास पुन्हां खोऱ्याची वाट धरावी लागली.

चांदीप्रमाणें बर्फाचाही भरंवसा नाहीं हेंही मध्येंच एकदां दिसून आलें. १९७६-७७ च्या हिवाळ्यांत तो पडेचना, आणि तेव्हांपासून यंत्रानें बर्फ पाडण्याकडे लक्ष वळलें. परंतु घरांच्या व्यापारावर याचा परिणाम क्षणिकच झाला. घर घेणारांपैकीं कित्येकांस आतां बर्फ हें केवळ निमित्त उरलें होतें. २०२१ च्या सुमारास स्वतंत्र घराची सरासरी किंमत एक कोटि डॉलरांच्या घरांत गेली. त्याच डिसेंबरांत नगरसभेनें नव्या घरांचे व पाहुण्यांस घर भाड्यानें देण्याचे परवाने कांहीं काळ थांबविले, आणि पुढल्या वर्षीं मतदारांनीं अशा भाड्यावर कर बसविला.

२०२० च्या शिरगणतींत अॅस्पेनची वस्ती ७,००४ भरली. चांदीच्या भरांतील १८९० च्या आंकड्याच्या ती कांहींशी पुढें आहे, पण घरांची स्थिति तेव्हांसारखी नाहीं. १९३० सालीं रात्रीं गांवांतून फिरणारास अंधारीं घरें दिसत, कारण तीं कोणास नको होतीं. आजही हंगाम सरल्यावर रांगेनें घरें अंधारांत असतात. त्यांचे मालक आहेत, त्यांत ऊब ठेवलेली असते, कोणी तरी येऊन बागेचें गवत कापून जातो. मालक वर्षांतून कांहीं आठवडे येतात.

ज्या स्मगलर खाणींत चांदीचा तो प्रचंड गठ्ठा सांपडला होता तिच्या पायथ्याशीं खाणीच्या टाकाऊ मातीचे ढीग पडले होते. त्या ढिगांच्या जमिनीवर पुढें चाकांवरच्या घरांची वस्ती झाली, आणि तेथें गांवचे कामकरी लोक राहूं लागले. मातींत शिसें आहे म्हणून १९८६ मध्यें केंद्र सरकारनें ती जागा विषारी जागांच्या यादींत घातली व माती खणून नेण्याचें ठरविलें. सरकार शुद्ध हेतूनें आलें असतांही रहिवाशांनीं कडाडून विरोध केला. एकदां येथून हललों तर पुन्हां या गांवांत जागा मिळावयाची नाहीं, ही धास्ती त्या विरोधाच्या मुळाशीं नव्हती असें म्हणवत नाहीं. तज्ज्ञांची समिति नेमली गेली, वस्तींतील मुलांचें रक्त तपासलें गेलें, त्यांत शिशाचें प्रमाण काळजी करण्यासारखें आढळलें नाहीं. आणि १९९९ मध्यें ती जागा यादींतून काढण्यांत आली. त्या वस्तींतले दिवे मात्र हंगाम असो वा नसो, संध्याकाळीं लागतात.